जपानी टेबलावरचं एकमत

ललिताबाई खारकरांना नाही म्हणता येत नाही, असं त्यांच्या सोसायटीत सगळे म्हणत. आणि कोणी तोंडावर म्हटलंच, तर त्या त्यावरही "हो, खरंय" म्हणत. शेजाऱ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, गावाला गेलेल्यांच्या कुंड्या त्यांच्या गॅलरीत, गणपतीतल्या आरतीची तयारी त्यांच्या गळ्यात. साडीच्या दुकानात विक्रेत्याने "ताई, हा रंग तुमचाच" म्हटलं, की तो रंग त्यांचा व्हायचा. कपाटात त्यामुळे स्वतःला न आवडलेल्या पण दुकानदारांना फार आवडलेल्या बऱ्याच साड्या होत्या.

मूळच्या त्या अकोल्याच्या. लग्न होऊन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हडपसरला आल्या, कारण रंगनाथराव तिथल्या एका कारखान्यात लागले होते. तेव्हाचं हडपसर म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांचे भोंगे आणि दुसऱ्या अंगाला भाजीचे मळे. पुण्यात येऊन महिनाही झाला नसेल, तोच ललिताबाई शहरात कापड घ्यायला गेल्या. भाव जरा जास्त वाटला म्हणून त्यांनी साधेपणाने विचारलं, "काहून?" दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "आमच्याकडे 'का' मिळतं. 'काहून' ठेवत नाही." मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. ललिताबाईही हसल्या, कापड घेतलं आणि घरी आल्या. पण तेव्हापासून त्यांनी प्रश्न विचारणं कमी केलं. समोरचा बोलेल ते ऐकायचं आणि मान डोलवायची. मग कोणी आपल्याला हसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. सवयीचा पुढे स्वभाव झाला.

जपानी भाषाही त्यांच्या आयुष्यात मान डोलवल्यामुळेच आली. नव्वदनंतर परदेशी कंपन्या येऊ लागल्या आणि पुण्यात जो तो कुठली ना कुठली भाषा शिकायला लागला. शेजारच्या मालनबाईंनी जपानीच्या शनिवारच्या वर्गात नाव घातलं आणि सोबत हवी म्हणून ललिताबाईंना ओढलं. त्या चित्रलिपीची पहिली शे-दीडशे अक्षरं झाली आणि मालनबाईंनी हात टेकले. "हे काय अक्षर आहे? हा तर पडका गोठा आहे," असं म्हणून त्या घरी बसल्या. ललिताबाईंना मात्र कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून त्या जात राहिल्या. पहिली गोडी लागली ती अक्षरांची. त्यानंतर आणखी एक गोष्ट कळली. या भाषेत सहसा कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. "जरा अवघड दिसतंय" म्हटलं, की समजायचं, नाही. ललिताबाईंना वाटलं, अरे, ही तर आपलीच भाषा, आपण इतकी वर्षं ती मराठीत बोलत होतो.

अप्पा बळवंत चौकातून जुना शब्दकोश आणला. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता अक्षरं गिरवली. एकेक परीक्षा देत त्या बऱ्याच वरच्या पायरीपर्यंत पोचल्या. पण उपयोग? एकदा कोणाच्या तरी यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करून दिली, एवढंच. मुलगा शिकून बंगळूरला गेला, सासूबाईंचं आजारपण झालं, त्या गेल्या. जपानी आपलं शब्दकोशात मिटून राहिलं.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर त्यांच्या जुन्या शिक्षिकांचा फोन आला. हडपसरमध्येच, नव्या आयटी पार्कात एक कंपनी आहे. तिला जपानी वर्तमानपत्रं वाचणारी माणसं हवी आहेत. जाल का? ललिताबाई सवयीने हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की या वेळचं हो आपण मनापासून म्हटलंय.

बावन्नाव्या वर्षी त्यांना आयुष्यातली पहिली नोकरी लागली. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. ते त्या घरी येईपर्यंत गळ्यातच ठेवून आल्या. रंगनाथराव तेव्हा निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय. भरवसा वाटतो." कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

काम असं होतं. त्या डिसेंबरात कोपनहेगनला जगभरच्या देशांची मोठी बैठक भरायची होती. हवा तापत चालली आहे, तर धूर कोणी किती कमी करायचा आणि त्याचा भार कोणी उचलायचा, यावर बोलणी. परदेशातल्या एका विद्यापीठाला बैठकीत काय झालं ते नको होतं. ते सगळीकडे छापून येणारच होतं. त्यांना हवं होतं, की कोणत्या देशाच्या वर्तमानपत्रांनी ते कसं सांगितलं. दोष कोणाला दिला? आधी कोणाचं म्हणणं छापलं आणि शेवटी कोणाचं? बातमीचा सूर आशेचा, भांडणाचा की हताश? म्हणून त्या कंपनीत एका हॉलमध्ये टेबलं मांडली होती: एक जर्मन, एक फ्रेंच, दोन इंग्रजी, आणि खिडकीपाशी जपानी. प्रत्येक बातमी वाचायची आणि संगणकावर ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं भरायची.

पहिल्या आठवड्यातच ललिताबाईंना त्यातली गंमत कळली. एकाच लग्नाहून परतलेली वरपक्षाची बाई आणि वधूपक्षाची बाई यांना वेगवेगळं विचारावं, तसं ते होतं. मांडव एक, मुहूर्त एक; पण एकीच्या तोंडी मानपान आणि दुसरीच्या तोंडी जिलेबी. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणारी मुलं सांगत, की आपल्या पत्रांत रोज एकच प्रश्न: आपण वाकलो की नाही? जर्मन टेबलावर वेळ संपत आल्याची धास्ती. जपानी पत्रांत वेगळाच सल. क्योतो या त्यांच्या शहराच्या नावाचा करार बारा वर्षांपूर्वी झाला होता; आणि त्या करारात धूर कमी करायचं बंधन आपण घेतलं, तर मोठमोठे धूरवाले बाहेरच उभे, ही खंत पानोपानी.

जपानी टेबलावर ललिताबाईंच्या जोडीला श्रीनिवास आगटे होते. बँकेतून निवृत्त झालेले, बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या दुकानांवरच्या मजल्यावर राहणारे, एकटे. जपानी त्यांनी साठीनंतर घेतलं होतं. कारण विचारलं तर म्हणत, "फ्रेंच सगळेच शिकतात." रोज दोन बस बदलून यायचे आणि वेळेआधी पोचायचे. बोलणं कमी, पण बोलले की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर टोचायचं. जर्मन टेबलावरच्या एका मुलाने एकदा विचारलं, काका, या वयात नोकरी कशाला? तर ते म्हणाले, "तुम्हा लोकांना वेळेवर आलेला माणूस कसा दिसतो, ते दाखवायला."

एक बातमी दोघांनी वाचायची, हा तिथला नियम होता. दोघांनी आपापली उत्तरं भरायची, मग यंत्र ती जुळवून पाही. उत्तरं जितकी जुळतील तितकं काम भरवशाचं. हॉलमध्ये त्याला सगळे 'पटण्याचा आकडा' म्हणत. तो शंभरात ऐंशीच्या खाली गेला तर काम पक्कं नाही. कामावर देखरेख करणारी शेफाली नावाची तिशीतली मुलगी होती. चालायची भरभर, पण मनाने चांगली. पहिल्या आठवड्याअखेर ती जपानी टेबलाशी आली आणि म्हणाली, "काका, काकू, तुमचा आकडा फारच लो आहे. असंच राहिलं ना, तर क्लायंट जपानी काम दुसऱ्या एजन्सीला देईल. प्लीज, जरा सांभाळून घ्या एकमेकांना."

ललिताबाईंचा हात गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेला. हे टेबल गेलं तर ओळखपत्र परत द्यायचं आणि शब्दकोश पुन्हा कपाटात ठेवायचा. पंधरा वर्षांनी कोणीतरी त्यांना विचारलं होतं, की हे वाचून तुम्हाला काय वाटतं? ते बंद होणार.

दोघांचं बिघडत होतं ते एकाच प्रश्नावर: दोष कोणाला? श्रीनिवासरावांना प्रत्येक बातमीत भारताला नावं ठेवलेली दिसत. ललिताबाईंना तिथे जपानी माणसाची स्वतःचीच काळजी दिसे. "चीन, भारत यांसारखे देश" असे शब्द आले, की श्रीनिवासराव लगेच भारताच्या नावापुढे खूण करीत. ललिताबाई 'कोणालाही नाही' असं भरीत.

टेबलावर चर्चा करायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तसं नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. पण बँकेत जन्म गेलेल्या श्रीनिवासरावांनी तो नियम बँकेतल्यासारखाच वाचला. टेबलावर नाही म्हटलंय. चहाच्या खोलीबद्दल काही म्हटलेलं नाही. आणि भरलेली उत्तरं संध्याकाळी कुलूपबंद होईपर्यंत बदलता येत होती. तेव्हा चार वाजता चहा घेताना दोघं दिवसभरातल्या अडलेल्या बातम्या काढत. श्रीनिवासराव आपलं मत मांडत. ललिताबाई म्हणत, "हो, तसंही म्हणता येईल." आणि टेबलावर येऊन स्वतःचं उत्तर बदलत. श्रीनिवासरावांना वाटे, आपण समजावून सांगितलं, बाईंना पटलं. सांभाळून घ्या असं खुद्द शेफालीनेच सांगितलं होतं. शिवाय यात कोणाचं वाईट होत होतं? पटण्याचा आकडा चढला. ऐंशी मागे पडले, मग नव्वद. शेफालीने सगळ्या हॉलला जपानी टेबलाचं उदाहरण दिलं. श्रीनिवासराव त्या दिवशी स्वतःहून ललिताबाईंसाठी चहा घेऊन आले, यावरून त्यांच्या आनंदाची कल्पना यावी.

बैठक संपत आली तेव्हाची एक बातमी ललिताबाईंच्या मनात बोचून राहिली. एका जपानी बातमीदाराने ती कडाक्याच्या थंडीत रांगेत उभं राहून लिहिली होती. सभागृहात मावतील त्याहून जास्त लोकांना पास दिल्यामुळे बाहेर मोठी रांग लागलेली. त्याच्या पुढे कुठल्याशा बेटावरचा एक माणूस, मागे एक भारतीय अधिकारी. बेटावरच्या माणसाने मागे वळून विचारलं, आत काय चाललंय? भारतीयाने उत्तर दिलं नाही, फक्त मफलर घट्ट केला. मग तिघंही बर्फाकडे बघत उभे राहिले. एवढीच बातमी. ललिताबाईंनी ती दोनदा वाचली आणि दोषाच्या प्रश्नापुढे 'कोणालाही नाही' भरलं.

चहाच्या वेळी श्रीनिवासराव म्हणाले, "रांगेच्या बातमीत तुम्ही काय भरलंत? त्यात भारतीय माणूस उत्तर देत नाही. म्हणजे आडमुठा. सरळ आपल्यावर ठपका आहे."

"मला तो दमलेला वाटला," ललिताबाई म्हणाल्या.

"दमलेला? अहो, बाई, बातमीदार हजारो मैल गेलाय तो कोणाचा मफलर बघायला?"

ललिताबाई हसल्या, हो म्हणाल्या, आणि उत्तर बदललं. बदलताना मात्र बोट क्षणभर अडलं. आजवर त्यांनी दुसऱ्याच्या आवडीच्या साड्या नेसल्या होत्या, त्यांत नुकसान झालं तर त्यांचं स्वतःचं. इथे तो बातमीदार जे म्हणाला नव्हता, ते त्याच्या तोंडी घातलं जात होतं. असं रोज. उद्या हे सगळं एकत्र होऊन कुठेतरी छापलं जाईल, की जपानची वर्तमानपत्रं भारताशी भांडतात. वाचणाऱ्याला ते खरं वाटेल, कारण दोन माणसांनी वेगवेगळं वाचून एकच सांगितलंय.

घरी त्यांनी रंगनाथरावांना अर्धवट सांगून पाहिलं. ते टीव्हीसमोर होते. आपल्याकडच्या एका वाहिनीवर भारत झुकला नाही म्हणून जल्लोष आणि दुसऱ्या वाहिनीवर भारत झुकला म्हणून आरडाओरडा चालू होता. ते म्हणाले, "अगं, आकडा चांगला येतोय ना? मग चालू दे." त्यांचंही बरोबर होतं. ललिताबाई मान डोलवून स्वयंपाकघरात गेल्या.

बैठक संपली. हॉलमध्ये तिच्या निकालाचे वेगवेगळे मथळे एकमेकांना वाचून दाखवण्याची चढाओढ लागली. कोणाचा धडधडीत पराभव, कोणाची इभ्रत राखली, कोणाचं दार निदान किलकिलं राहिलं. श्रीनिवासरावांनी चहाचा कप खाली ठेवत निकाल दिला, "एकाच बैठकीला सगळे गेले आणि आपापली वेगळी बैठक करून परत आले."

नवीन वर्ष लागलं आणि त्या विद्यापीठातून फोन आला. जपानी वर्तमानपत्रांचं काम मोरिता नावाच्या बाई बघत होत्या. त्यांना जपानी टेबलाशी बोलायचं होतं. काचेच्या छोट्या खोलीत शेफाली, श्रीनिवासराव आणि ललिताबाई फोनभोवती बसले. शेफालीला जपानी येत नव्हतं. ती नुसती हसऱ्या चेहऱ्याने फोनकडे बघत बसली.

मोरिताबाईंनी आधी हवामानाची चौकशी केली, मग कष्टांबद्दल आभार मानले, मग म्हणाल्या, की तुमचे आकडे फार सुंदर आहेत. किंचित जास्तच सुंदर आहेत. श्रीनिवासराव प्रसन्न झाले आणि त्यांनी नम्रपणे आभार मानले. ललिताबाईंना मात्र अशा गोड बोलण्यात काय दडलेलं असतं, ते चांगलं कळत होतं. त्या स्वतः जन्मभर तसंच बोलत आल्या होत्या.

मोरिताबाई पुढे म्हणाल्या, की आमची पत्रं इतकी भांडखोर असतील असं वाटलं नव्हतं. आमचाच समज चुकीचा असेल. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, आपण दोघं वेगवेगळं वाचता ना?

"हो, वेगवेगळं वाचतो," श्रीनिवासराव जपानीत म्हणाले. ते खोटं नव्हतं.

खोलीत तिघंही फोनकडे बघत होते. ललिताबाईंना कळत होतं, की आता नुसती मान डोलवली तर टेबल राहील. फोनवर मान दिसतही नाही. गप्प बसलं तरी पुरे.

"वाचतो वेगवेगळं," त्या जपानीत म्हणाल्या. "ठरवतो एकत्र. आणि ठरवताना मी माझं बदलते."

श्रीनिवासरावांचा चेहरा बघून शेफालीने विचारलं, "काय झालं? काय म्हणाल्या काकू?" तेव्हा ललिताबाईंनी तेच तिला मराठीत सांगितलं, चहाच्या वेळेसकट. शेफालीचं हसू मावळलं. मग मोरिताबाई म्हणाल्या, की डिसेंबरचं सगळं जपानी काम बाजूला ठेवावं लागेल. दोघांनी ते पुन्हा वाचावं, वेगवेगळ्या खोल्यांत बसून. टेबल पुण्यात राहील की नाही, ते त्यानंतर ठरेल. शेवटी पुन्हा आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

"काकू, हे फोनच्या आधी मला नव्हतं का सांगता येत?" शेफाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. वरच्या साहेबांना उत्तर तिला द्यायचं होतं.

"फोनच्या आधी माझं ठरलं नव्हतं गं," ललिताबाई म्हणाल्या.

श्रीनिवासराव बाहेर पडले. लिफ्टपाशी ललिताबाईंनी त्यांना गाठलं. ते लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाले, "हरिश्चंद्राला धाकटी बहीण होती, हे पुराणात कुठे वाचलं नव्हतं मी."

एरवी ललिताबाई यावरही हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं उत्तर मी कधी बदलायला लावलं नाही, श्रीनिवासराव. माझंच बदलत आले."

"तेच विचारतोय. पटत नव्हतं तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

श्रीनिवासरावांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली. "मला? अहो, मी बुधवार पेठेत राहतो. आमच्याकडे सकाळी दूधवालासुद्धा चार शब्द सुनावून जातो." लिफ्ट आली, ते आत गेले. दार मिटता मिटता म्हणाले, "वाईट आता वाटतंय. मी इतके दिवस एकटाच बोलत होतो म्हणायचं."

पुढचे काही दिवस जड गेले. श्रीनिवासराव काचेच्या खोलीत बसत, ललिताबाई टेबलावर. चहा वेगवेगळ्या वेळी. संक्रांत आली तेव्हा हॉलमध्ये सगळे एकमेकांना तिळगूळ देत फिरत होते. श्रीनिवासरावांनी ललिताबाईंच्या टेबलावर एक वडी ठेवली आणि म्हणाले, "तिळगूळ घ्या, आणि काम संपेपर्यंत बोलूच नका." ललिताबाईंनी वडी घेतली आणि खरोखरच बोलल्या नाहीत.

एकटीने वाचणं त्यांना सुरुवातीला अंधारात चालल्यासारखं वाटलं. एखादं उत्तर भरलं, की पलीकडे काय भरलं असेल, हा विचार आधी यायचा. नजर काचेच्या खोलीकडे जायची. तिथे श्रीनिवासरावांची पाठ दिसे, बाकी काही नाही. मग हळूहळू बातमीच आधी दिसू लागली. रांगेच्या बातमीपुढे त्यांनी पुन्हा 'कोणालाही नाही' भरलं आणि ते तसंच राहू दिलं. रंगनाथराव रोज संध्याकाळी विचारत, काय म्हणतंय तुमचं टेबल? त्या म्हणत, माहीत नाही. नोकरी जाणार असेल तर जाईल, हे त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. पण सकाळी ओळखपत्र गळ्यात घालताना ते घोकलेलं कामाला येत नसे.

महिनाअखेर आकडा आला. ऐंशीच्या चांगला खाली. शेफालीने कोरड्या आवाजात तो सांगितला. त्याच दिवशी मोरिताबाईंचा निरोपही आला. तो ललिताबाईंनीच तिला मराठी करून सांगितला. जिथे दोघांचं जुळलं नाही, त्या सगळ्या बातम्या मोरिताबाईंनी स्वतः वाचल्या होत्या. अग्रलेखांत श्रीनिवासरावांचं वाचणं बहुतेक ठिकाणी बरोबर होतं. तिथे संपादकांनी खरोखरच भारत-चीनकडे बोट दाखवलं होतं, आणि जपानी भाषेवरच्या मायेपोटी ललिताबाईंनी ते बोट बघायचं टाळलं होतं. बातमीदारांच्या मजकुरात मात्र ललिताबाईंचं बरोबर निघालं होतं. काही ठिकाणी मोरिताबाईंनाही ठरवता आलं नाही. ती त्यांनी 'मतभेद' म्हणून तशीच छापायचं ठरवलं. दोघांच्या चुका वेगवेगळ्या ठिकाणी होतात, हे त्यांना उपयोगाचं वाटलं होतं. टेबल पुण्यातच राहावं आणि जोडीही हीच असावी, असं त्यांनी लिहिलं होतं. फक्त चहाच्या वेळा वेगळ्या असाव्यात, ही विनंती.

अग्रलेखांबद्दलचं सांगताना ललिताबाई मध्येच अडखळल्या. आपण फक्त दुसऱ्यांपुढे मान डोलवतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आवडत्या भाषेपुढेही आपण तेच करत होतो, हे नवीन होतं.

श्रीनिवासराव म्हणाले, "म्हणजे दोघंही नापास, म्हणून दोघंही ठेवले. बँकेत असं असतं तर आम्ही सगळे मॅनेजर झालो असतो."

रंगनाथरावांना ललिताबाईंनी संध्याकाळी सांगितलं, की काम राहिलं. आकडा किती आला, ते विचारल्यावर तोही सांगितला.

"म्हणजे आधीपेक्षा खाली?"

"खाली."

"आणि तरी राहिलं?"

"म्हणूनच राहिलं."

रंगनाथरावांनी थोडा विचार केला आणि आयटीवाल्यांचं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणून ते फिरायला गेले.

वर्षाअखेर पुन्हा तशीच बैठक भरली, या वेळी मेक्सिकोत. पहिल्याच दिवशी जपानने सांगून टाकलं, की क्योतोच्या करारातली पुढची बंधनं आम्ही घेणार नाही. ज्या भाषेत कोणी सरळ नाही म्हणत नाही, असं ललिताबाई समजत आल्या होत्या, तिच्या माणसांनी भर सभेत सरळ नाही म्हटलं होतं. जगभरचे मथळे त्या एका देशाकडे वळले. हॉलमधल्या बाकीच्या टेबलांवर दिवसभर जपानचंच नाव चालू होतं.

खिडकीपाशी ललिताबाई एक अग्रलेख वाचत होत्या. संपादकाने आधी सरकारची बाजू मांडली होती. करार अपुरा कसा, मोठे देश बाहेर कसे, सगळं ओळखीचं. पण शेवटच्या परिच्छेदात, आवाज न चढवता, त्याने लिहिलं होतं, की घरच्या नावाचा दिवा घरच्याच माणसाने विझवावा, याला काय म्हणायचं. प्रश्न तोच होता: दोष कोणाला? ललिताबाईंना फार वाटलं, की 'कोणालाही नाही' भरावं. त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला. मग 'स्वतःचा देश' या उत्तरापुढे खूण केली आणि पुढची बातमी उघडली.

त्या आपल्या वेळेला चहाला गेल्या तेव्हा श्रीनिवासराव आपला चहा संपवून निघतच होते. दारात दोघांची गाठ पडली. तोच अग्रलेख सकाळी त्यांनीही वाचला असणार. हडपसरच्या मंडईत वांगी बरी आली आहेत का, असं त्यांनी विचारलं. ललिताबाई म्हणाल्या, "नाही, या आठवड्यात नका घेऊ, किडकी आहेत." श्रीनिवासरावांनी बरं म्हटलं आणि ते काचेच्या खोलीकडे वळले. त्या अग्रलेखावर दोघांचं जुळलं होतं की नाही, ते संध्याकाळी यंत्राला कळणार होतं. ललिताबाईंनी चहात साखर घातली आणि खिडकीशी उभं राहून तो निवांत प्यायला.